पुण्यात भाच्याची बोटं गेली: युनियननं काय केलं अन् काय नाही

पऱ्हाटीवाला | सोमवार, रात्री ९.४०

लांबण लागणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

आमचं गाव आर्वी तालुक्यात. आयटीआय झालेला पोरगा गावात उरत नाही, हा आता नियमच झालाय. सोयाबीन निघालं की ट्रॅव्हल्सच्या मागच्या सीटवर बसायचं अन् सकाळी भोसरीला उतरायचं. माझ्या बहिणीचा पोरगा असाच गेला. फिटर, वय २२. ठेकेदारामार्फत एका प्रेस शॉपला लागला. कंपनीचं नाव लिहीत नाही, विचारूही नका.

सात महिने बरे गेले. मग मागच्या वर्षी दसऱ्याच्या आधी पॉवर प्रेसमध्ये उजव्या हाताची दोन बोटं गेली. प्रेसला सेन्सर होता. हात आत असला की मशीन थांबते. पण त्यानं नग कमी निघतात म्हणून तो बंद करून ठेवलेला. ठेकेदारानं खाजगी दवाखान्यात नेलं, पहिलं बिल भरलं, दोन कोऱ्या कागदांवर डाव्या हाताचा अंगठा घेतला (पोरगा सही करतो, पण सहीचा हातच बांधलेला), गेटपास काढून घेतला अन् आठ हजार रुपये देऊन ट्रॅव्हल्समध्ये बसवून दिलं. "घरी आराम कर, बरा झाला की फोन कर." बरा झाल्यावर फोन केला. कोणी उचलला नाही.

मग आम्ही तेच केलं जे सगळे करतात. पुढाऱ्याकडे गेलो. त्यांनी आमच्यासमोर कोणाला तरी फोन लावला, "आपला माणूस आहे, बघा जरा" म्हणाले अन् चहा पाजला. त्यात दोन महिने गेले.

पोराचा रूममेट दिग्रसकडचा. त्यानं पिंपरीतल्या एका लहानशा युनियनचा नंबर दिला. आम्ही दोघं गेलो. झेरॉक्सच्या दुकानावर एक खोली, दोन कपाटं, फाइलींचे गठ्ठे. माझ्या डोक्यात युनियन म्हणजे झेंडा, भोंगा, मुर्दाबाद. तिथले गृहस्थ साठीचे. त्यांनी हाताकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "दादा, पासबुक आणलंय का?"

त्या पासबुकातच सगळं होतं. कंपनीच्या कागदावर पोराचा कामावरचा पहिला दिवस म्हणजे अपघाताचा दिवस. ईएसआयचा (सरकारी कामगार विम्याचा) नंबर काढला दुसऱ्या दिवशी. आधीचे सात महिने गायब! पण पासबुकात दर महिन्याच्या दहा-बारा तारखेला ठेकेदाराच्या नावानं पगार जमा. मोबाईलमध्ये 'बी शिफ्ट' नावाचा ग्रुप, त्यात सुपरवायझरचे रोजचे मेसेज: कोणी कोणत्या मशीनवर उभं राहायचं. गृहस्थांनी त्याचे फोटो काढून घेतले, तीन अर्ज लिहिले, वर्गणी घेतली, पावती दिली. संप नाही, घोषणा नाही. चौथ्या महिन्यात अपघात कामावरचाच असल्याचं मान्य झालं अन् घरी बसलेल्या दिवसांचे पैसे आले. मेडिकल बोर्ड अजून बाकी आहे.

आता माझा प्रश्न. त्याच कंपनीत परमनंट कामगारांची युनियन आहे, गेटवर पाटी आहे. त्यांच्यातला एकही माणूस दवाखान्यात आला नाही. अन् जी युनियन कामी आली ती पोराला बोटं जायच्या आधी माहीतच नव्हती. हे असं काऊन?

अजून एक. भारतीय मजदूर संघ काढणारे दत्तोपंत ठेंगडी आमच्या आर्वीचे. १९५५ साली भोपाळमध्ये संघटना काढली अन् ती देशातल्या सगळ्यात मोठ्या संघटनांपैकी एक झाली. आमच्या आयटीआयच्या पोरांना विचारा, युनियन म्हणजे काय. म्हणतात, "ते एसटीवाल्यांचं असते ना?"

---

सेकंड शिफ्ट | सोमवार, रात्री ११.५५

दादा, शिफ्ट सुटल्यावर वाचलं. मी अचलपूरचा, भोसरीत सोळा वर्षं परमनंट. आमच्या युनियनच्या कमिटीवर आहे, तेव्हा उत्तर माझ्याकडेच मागताय असं समजतो.

आमची युनियन तीन वर्षांनी करार करते. पगारवाढ, कॅन्टीन, बस, मेडिक्लेम. करार परमनंटचा. शॉपमध्ये आम्ही शंभर असू तर ठेकेदाराची पोरं त्याहून जास्त. तेच मशीन, तोच पार्ट, पगार आमच्या तिसऱ्या हिश्श्याइतका. त्यांना सभासद करून घ्या असं दोनदा कमिटीत मांडलं. पहिल्यांदा म्हणाले, पुढच्या करारात बघू. दुसऱ्यांदा एकानं खरं सांगून टाकलं: "ती पोरं स्वस्त आहेत म्हणून आपला करार होतो." त्यावर कोणी काही बोललं नाही. मीही नाही.

दवाखान्यात का गेलो नाही याचं उत्तर याहून वेगळं देता येणार नाही.

---

एम्प्रेसचा नातू | मंगळवार, सकाळी ७.१०

युनियनचं फार कौतुक होऊ नये म्हणून लिहितो.

माझे आजोबा नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये साच्यावर (मागावर) होते. टाटांची ही गिरणी १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली. आजोबा पुलगावजवळच्या खेड्यातून आले. खेड्यात हजेरी होती ती पाटलाच्या वाड्यावर. इथं हजेरीचं तिकीट मिळालं. कामगार पुढारी रुईकरांचं नाव ते देवासारखं घ्यायचे, पुढे बर्धनांच्या सभांना जायचे. ए. बी. बर्धन १९५७ ला नागपुरातून अपक्ष निवडून आले ते कामगारांच्या जिवावर, हे आमच्या घरी शंभरदा ऐकलंय. बोनस, पगारी रजा, फंड हे सगळं झगडून मिळालं, नाही कोण म्हणतो.

पण गिरणी बंद पडायला आली तेव्हा युनियनच्या हातात काय होतं? त्या जागेवर आता मॉल आहे. वडिलांना तिथं सरकत्या जिन्यावर चढवलं तर म्हणाले, "इथं आमचं कामाचं खातं होतं," अन् खाली उतरून बाहेर उभे राहिले. काही विकत घेतलं नाही.

मुंबईचं तर सगळ्यांना माहीत आहे. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मिटलाच नाही. कायद्यानं मान्यता एका युनियनला, कामगार दुसऱ्याच्या मागे. १९४६ च्या कायद्याप्रमाणे वाटाघाटी करायचा हक्क राष्ट्रीय मिल मजदूर संघाचा, त्यामुळे ज्याच्या मागे माणसं होती त्याच्याशी बोलायला मालक बांधील नव्हता. गिरण्यांच्या जागी टॉवर झाले, कामगारांच्या घरांची लॉटरी अजून निघते.

तुमच्या भाच्याला मदत केली ती युनियननं नाही, एका भल्या माणसानं केली. तो माणूस उद्या नसला तर?

---

वऱ्हाडी झटका | मंगळवार, सकाळी ८.०२

एसटीच्या संपात (२०२१-२२) आमच्या गावच्या पोरी सहा महिने कॉलेजले गेल्या नाईत. त्यायची बाजू खरी होती, हे बी माहीत हाये. पण खेड्यातल्या माणसाले युनियन दिसते तं ती अशी, बंद पडलेली बस म्हणून.

---

फाईल नं. १७ | मंगळवार, दुपारी १.३०

मी कामगार खात्याच्या आसपास नोकरी केली, आता निवृत्त. वकील नाही. पऱ्हाटीवाल्यांच्या धाग्यात काही गोष्टी लोकांच्या उपयोगाच्या आहेत म्हणून कागदापुरतं लिहितो.

ईएसआयमध्ये कामावरच्या अपघाताला किती दिवस वर्गणी भरली याची अट नसते. कामाचा पहिला दिवस असला तरी चालतो. म्हणूनच ठेकेदार अपघातानंतर घाईनं नंबर काढतात: खर्च ईएसआय महामंडळावर टाकायचा अन् आधीच्या महिन्यांची वर्गणी वाचवायची. "तुझं कार्ड नव्हतं, तुला काही मिळणार नाही" हे सरळ खोटं. वर्गणी भरली नसेल तर महामंडळ कामगाराला देऊन मालकाकडून वसूल करू शकतं. अन् मालक म्हणजे फक्त ठेकेदार नव्हे. वर्गणीची पहिली जबाबदारी ज्याच्या आवारात काम चाललं त्याची, म्हणजे मूळ मालकाची.

ज्याला ईएसआय लागू नाही त्याच्यासाठी १९२३ चा भरपाईचा कायदा. त्यात हिशेब ठरलेला आहे. एका हाताची दोन बोटं गेली तर कमाईची क्षमता २० टक्के घटली असं धरतात. २२ वर्षांच्या माणसाचा गुणक २२१.३७. महिन्याचा पगार १३,००० धरला तर त्याचे ६० टक्के ७,८००. त्याला गुणक लावून २० टक्के काढले की ३,४५,३३७ रुपये. आठ हजार अन् ट्रॅव्हल्सचं तिकीट यांच्याशी ताडून बघा. ईएसआय असेल तर ही एकरकमी भरपाई मिळत नाही, त्याऐवजी मेडिकल बोर्ड टक्केवारी ठरवतं अन् त्या प्रमाणात दरमहा, जन्मभर मिळतं. तेव्हा बोर्डाची तारीख चुकवू नका. सोंगणी असो की लग्न.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या, हे दोन्ही कायदे आता त्यात गेलेत. भाच्याचा अपघात त्याआधीचा. नव्या संहितेत एक गोष्ट कामाची: नेमणूकपत्र प्रत्येक कामगाराला द्यायचं आहे. मुदतीवर घेतलेल्याला एक वर्षानंतरही ग्रॅच्युइटी. दुसरीकडे ५० पेक्षा कमी माणसं पुरवणाऱ्या ठेकेदाराला परवाना लागत नाही, संपाला १४ दिवसांची नोटीस, अन् वाटाघाटी करणारी एकटी युनियन व्हायचं तर हजेरीपटावरचे ५१ टक्के कामगार मागे हवेत. आता गंमत बघा. ५१ टक्के हजेरीपटावरचे. सेकंड शिफ्ट यांच्या शॉपमधली ठेकेदाराची पोरं कोणाच्या पटावर?

---

सेकंड शिफ्ट | मंगळवार, दुपारी ३.१५

ठेकेदाराच्या. तोही असला तर.

---

पोट्टे नेणारा | मंगळवार, रात्री ९.२०

सगळे मले शिव्या देऊन रायले म्हणून लिवतो. मी घाटंजीकडून पोट्टे नेतो. मुकादम म्हना, एजंट म्हना, पाहिजे ते म्हना.

पोट्टा घरून निंगते तवा त्याच्या खिशात पाचशे रुपये असते. रूमचं डिपॉझिट कोन भरते? मी. पहिल्या महिन्याची खानावळ? मी. आजारी पडला तं रात्री दोन वाजता फोन मले येते, तुमच्या युनियनले नाई. मले ठेकेदार हजेरीमागं पैसे देते, खोटं काहून बोलू. पण तुमच्या युनियनवाल्याईनं कवा आमच्या गावात येऊन पाह्यलं का, की हे पोट्टे येतात कुठून? ते गेटच्या बाहेर उभे रायतात. मी घराच्या दारात उभा रायतो. म्हनून पोट्टे मायं आयकतात.

अन् बोटं जातात ते मी बी पाह्यलं. एका पोट्ट्याले मी सोता घेऊन आलो गावी. त्याच्या माय समोर बसून काय बोलाव ते सुचलं नाई मले.

---

पऱ्हाटीवाला | मंगळवार, रात्री १०.०५

भाऊ, तुमचं दारात उभं राहण्याचं खरं आहे, मानतो. पण तुम्ही नेलेल्या पोरांपैकी किती जणांकडे ठेकेदाराचं एक तरी कागद आहे?

---

पोट्टे नेणारा | मंगळवार, रात्री १०.४०

कागद मागतला तं ठेकेदार दुसऱ्या गावचे पोट्टे घेते जी.

---

अंगणवाडीतली | बुधवार, सकाळी ६.५०

दादा, बाईमाणसाचंही ऐका.

आम्ही अंगणवाडीवाल्या ४ डिसेंबर २०२३ पासून संपावर होतो, बावन्न दिवस. थंडीत मुंबईला आझाद मैदानात बसून आलो. रेल्वेत जागा नव्हती, दारात बसून गेलो. घरचे म्हणाले, मानधन कापलं जाईल. कापलंही. पण मी पहिल्यांदा पाहिलं की गडचिरोलीची बाई अन् नाशिकची बाई एकाच रजिस्टरबद्दल रडते. एम्प्रेसचे भाऊ म्हणतात ते एक भला माणूस होता. असेल. पण आम्हाला तिथं कोणी भला माणूस भेटला नव्हता, आम्हीच होतो.

दुसरं. बांधकाम कामगारांचं मंडळ आहे, कायदा मुळात १९९६ चा, तोही आता नव्या संहितांत गेला. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर घेतात, त्यातून पोरांची शिष्यवृत्ती, अपघाताची मदत असं असतं. नोंदणीला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. आमच्या गावात मंडळाचा भांड्यांचा संच आला तो अशाही घरात, जिथं कोणी जन्मात घमेलं उचललं नाही. दाखले एजंटनं आणले. अन् माझा दीर पुण्यात खरंच स्लॅबवर काम करतो, त्याला दाखला नाही, कारण बिल्डर देत नाही अन् ग्रामसेवक म्हणतो तू तर गावात काम केलंच नाही. तिथं जर युनियन असती तर बिल्डरकडून दाखला तरी मागता आला असता. एकट्यानं मागितला तर दुसऱ्या दिवशी साइट बंद त्याच्यासाठी.

---

कळमना हमाल | बुधवार, दुपारी १२.४५

ताईशी सहमत. पोती उतरवून झाली, जेवणाच्या सुट्टीत लिहितो.

सगळे कारखान्याचं बोलतात, म्हणून आमचं सांगतो. हमालाला कोणता मालक? आज या अडत्याकडे, उद्या त्या. तरी आमच्यातल्या नोंदणी असलेल्यांना फंड आहे, ग्रॅच्युइटी आहे. का? १९६९ चा माथाडी कायदा. मुंबईच्या हमालांना गोळा करून अण्णासाहेब पाटलांनी तो लावून धरला. मालक मजुरी हातात देत नाही, मंडळात भरतो, वरून लेव्ही (मजुरीवरची जादा टक्केवारी) भरतो, अन् मंडळ आम्हाला देते. म्हणजे मालक बदलला तरी खातं बदलत नाही. ज्या माणसाला पक्का मालकच नाही त्याची सोय कशी लावायची, हे हमालांनी पन्नास वर्षांआधी दाखवून दिलं. ठेकेदाराच्या पोरांसाठी असंच मंडळ का नको, हे फाईल नं. १७ साहेबांनी सांगावं.

वाईटही सांगतो. माथाडीच्या नावावर कारखान्याच्या गेटवर वसुली करणारे टोळभैरव आहेत, त्यांनी कधी पोतं उचललं नाही. त्यांच्यामुळं मालक लोक कायद्यालाच शिव्या देतात. अन् नोंदणी नसलेला हमाल अजून बाजारात भरपूर आहे, सीझनला छिंदवाड्याकडून येतो, त्याला आम्ही टोळीत घेत नाही. सेकंड शिफ्टच्या कमिटीसारखंच आमचंही आहे म्हणायचं.

---

फाईल नं. १७ | बुधवार, सायंकाळी ५.३०

हमालभाऊ, याचं उत्तर माझ्या खुर्चीत नव्हतं. मंडळ येतं ते हमालांनी काम बंद ठेवल्यावर. कारकून नंतर नियम लिहितो.

---

एम्प्रेसचा नातू | बुधवार, रात्री ८.१५

अंगणवाडीच्या ताई, "आम्हीच होतो" हे वाचून थांबलो. आजोबांचं म्हणणंही असंच असायचं. ते रुईकरांचं नाव घ्यायचे पण गोष्ट सांगायचे ती साच्यावरच्या शेजाऱ्याची. आजोबांचा ज्वर होता तेव्हा त्यानं आठ दिवस दोघांचे साचे चालवले अन् जॉबरला (खात्यातल्या मुकादमाला) कळू दिलं नाही. मी ती गोष्ट युनियनची मानत नव्हतो.

मॉलबद्दलचं माझं म्हणणं मात्र तसंच आहे.

---

सातवा महिना | गुरुवार, सकाळी १०.२०

मी तोच. मामांनी लिंक पाठवली. डाव्या हातानं टाईप करतोय, चुकांकडे लक्ष देऊ नका.

दोन दुरुस्त्या. मामांनी लिहिलं, सेन्सर बंद करून ठेवलेला. कोणी केला, ते लिहिलं नाही. चावी सुपरवायझरकडे होती, पण रात्रपाळीला तो ती आमच्या लाइनवर ठेवून जायचा अन् बंद आम्हीच करायचो. नग जास्त निघाले तर महिन्याला हजार-बाराशे वर मिळायचे. त्या रात्री मी केला होता. हे मी युनियनच्या काकांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, हजार रुपयांसाठी चावी तुझ्यासमोर ठेवतो कोण, ते सांग.

दुसरी. परमनंटपैकी कोणीच आलं नाही, हे खरं नाही. एक जण आला होता, संध्याकाळी, ड्रेसवरच. बिस्किटचा पुडा ठेवला अन् म्हणाला, माझं नाव कुठं घेऊ नको. बी शिफ्टच्या ग्रुपमधले जुने मेसेज मी काढून टाकले होते, ते मला त्यानंच परत पाठवले. म्हणून मामा, ते फोटो निघाले.

---

फाईल नं. १७ | गुरुवार, सकाळी १०.४५

बाळा, पहिली दुरुस्ती जाहीर लिहायला नको होती. तरी घाबरू नकोस. नियम मोडला, पण मालकाच्याच कामासाठी मोडला, तर ईएसआयमध्ये अपघात कामावरचाच धरतात. बोर्डासमोर फक्त हाताचं विचारतील.

---

पऱ्हाटीवाला | गुरुवार, सकाळी ११.३०

चावीचं तू मला सांगितलं नव्हतं.

---

सातवा महिना | गुरुवार, दुपारी १२.०५

तुम्ही आईला सांगितलं असतं.

बोर्डाचं पत्र आलं आहे, पुढच्या महिन्यात बोलावलंय. मी परत इकडेच आहे, दुसऱ्या कंपनीत, पार्ट तपासायच्या टेबलावर. त्याला आठ बोटं पुरतात. इथंही ठेकेदारच आहे. नेमणूकपत्र मागितलं, तो म्हणाला, कशाला पाहिजे. म्हटलं, मामाला दाखवायला. अजून दिलं नाही, काढूनही टाकलं नाही.

इकडे सुट्टी गुरुवारी असते. काकांच्या खोलीत आज आम्ही अकरा जण आहोत. तीन वर्ध्याचे, पाच यवतमाळचे, बाकी बुलढाण्याचे. घाटंजीचे मुकादमभाऊ, तुमचे दोन पोट्टे आहेत यात, तुम्हाला माहीत नसावं. काका सगळ्यांच्या पगाराच्या तारखा एका वहीत उतरवून घेतायत. ज्यांची पोरं भोसरी-चाकणकडे आहेत त्यांनी व्यनि (खाजगी निरोप) करा, पत्ता पाठवतो. येताना पासबुकाचं पहिलं पान अन् ग्रुपचे मेसेज असू द्या. मेसेज काढून टाकू नका म्हणावं.

---

पोट्टे नेणारा | गुरुवार, दुपारी १.५०

कोनते दोन?

---

सातवा महिना | गुरुवार, दुपारी १.५८

नावं नाही सांगत भाऊ. तुम्हीच या ना एखाद्या गुरुवारी. चहा आम्ही पाजू.